बोरीवरची लाखाई

शेखावतजींचा हात त्यांच्या नव्या पांढऱ्या गाडीच्या दाराला चिकटला, तेव्हा जयंती पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत मेथी निवडत बसली होती. चिकटला म्हणजे कुणी येऊन सोडवावा लागावा इतका नाही, पण सुटताना चर्र असा आवाज झाला आणि तो तिला वरपर्यंत ऐकू आला. शेखावतजींनी बोटं नाकाशी नेली, मग डोळ्यांशी नेली आणि मान वर करून सगळ्या मजल्यांना मिळून विचारलं, "किसने शरबत फेंका है?"

जयंतीनं मान मेथीत घातली. शरबत कुणीच फेकलं नव्हतं. ते काय गळतंय आणि कुठून गळतंय, हे जगतपुऱ्यातल्या त्या अख्ख्या सोसायटीत एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस या क्षणी मेथीच्या काड्या ताटात अन् पानं केरात टाकत होतं.

सगळं सुरू झालं सलोनीच्या लग्नावरून. सलोनी ही जयंतीची एकुलती एक लेक, जयपुरातच जन्मलेली. तिनं खातीपुऱ्याचा मुलगा पसंत केला. मुलगा चांगला, माणसं गोड. पण पहिल्याच बैठकीत विहीणबाई म्हणाल्या, "बहू चूड़ा तो लाख का ही पहनेगी. और हमारे घर में मायरा मामा लाता है. चूड़ा भी मामा के घर से आए तो क्या बात है!" मायरा म्हणजे मामानं आणायचा आहेर, एवढं जयंतीला इतक्या वर्षांत कळलं होतं. तिनं हसून मान डोलावली, घरी आली आणि स्वयंपाकघराचं दार लोटून मनसोक्त रडली.

कारण लाख तिच्या माहेरची होती. गोंदियाकडे, अर्जुनीच्या पुढे तिचं गाव. वडिलांच्या धानाच्या बांध्यांवर पळसाची आणि बोरीची झाडं, आणि त्या झाडांवर लाख. दिवाळीला फांद्या उतरवायच्या, अंगणात बसून काड्यांवरची लाख खरवडायची, आणि व्यापारी आला की पोत्यात भरून द्यायची. गावातल्या बायकांच्या हातांत मात्र काचेच्याच बांगड्या. लाख अंगावर घालतात हे तिथं कुणाच्या गावीही नव्हतं. "बाबा, एवढी लाख जाते कुठं?" असं लहानपणी तिनं विचारलं, तर बाबा म्हणाले, "जैपूरले जाते म्हनते." पुढं शशिकांतचं स्थळ आलं, विमा कंपनीत अधिकारी, नेमणूक जयपूरला. तेव्हा बाबा हसत हसत सगळ्यांना सांगत सुटले, "माही लाख जिथं जाते ना, तिथंच माही लेक चालली." हसता हसता उपरण्यानं डोळे पुसत होते, ते तिनं पाहिलं होतं.

लग्नानंतर शशिकांतनं तिला शहर दाखवायला नेलं. मनिहारों का रास्ता म्हणतात त्या बांगड्यांच्या गल्लीत निखाऱ्यांवर लाख तापत होती. तो वास नाकात शिरला आणि जयंती भर रस्त्यात उभी राहून रडायला लागली. शशिकांतला वाटलं, हिला बांगड्या हव्यात. त्यानं बिचाऱ्यानं डझनभर घेऊन दिल्या.

आता बाबा नव्हते. माहेरी जाणंही मागे पडलं होतं. एका वर्षी सलोनीची परीक्षा, एका वर्षी शशिकांतचं ऑडिट, आणि धाकटा भाऊ शामराव फोनवर दर वेळी म्हणायचा, "पुढच्या साली ये ताई, निवांत ये." बाबांची झाडं कशी आहेत, असं ती न चुकता विचारायची. तो न चुकता सांगायचा, "मस्त हायत."

त्या दिवशी डोळे पुसून तिनं त्यालाच फोन लावला.

"शाम, सलोनीच्या चुड्याले आपल्या झाडायची लाख पाठव."

"आता कुठची लाख वं ताई? पावसाळा लागला. लाख निघते दिवाळीले. आता भेटलंच तर बियानं भेटंल."

बियाणं म्हणजे जिवंत किडे असलेल्या काड्या. त्या झाडाला बांधल्या की डोळ्यांना जेमतेम दिसतील असे लाल किडे बाहेर पडतात, कोवळ्या फांदीवर बसतात, रस पितात आणि स्वतःभोवती घर बांधतात. त्या घरालाच आपण लाख म्हणतो. जयंतीनं फोन कानाला तसाच धरून गॅलरीबाहेर पाहिलं. खाली पार्किंगमध्ये बोर उभी होती. उन्हाळ्याच्या आधी वीजवाल्यांनी तारांसाठी तिच्या फांद्या छाटल्या होत्या आणि आता सगळीकडून कोवळे फुटवे निघाले होते. बाबा दर वर्षी झाड छाटायचे ते ह्याचसाठी.

"मग बियाणंच पाठव," ती म्हणाली. "पण बाबाच्या झाडावरचंच पाह्यजे हं."

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.

"रेंज गेल्ती," शामराव म्हणाला. "पाठवतो."

शशिकांतच्या ऑफिसातले एक साहेब नागपूरहून परत येत होते, त्यांच्या हाती पिशवी आली. पिशवी देताना ते जरा लांब उभे राहून म्हणाले, "वहिनी, रागावू नका, पण तुमच्या काड्यांना उवा झाल्यात." जयंतीनं पिशवीत तोंड घालून वास घेतला. ओल्या पळसाचा, मातीचा, बाबांच्या खांद्यावरच्या उपरण्याचा. साहेब आणखी दोन पावलं मागे सरकले.

दुपारी सोसायटी झोपली, तशी ती गॅलरीत उभी राहिली आणि कपडे वाळत घालायच्या काठीनं एकेक फांदी ओढून काड्यांच्या जुड्या बांधत गेली. हाताला काटे लागत होते. जुडी आडवी नाही बांधायची, फांदीला धरून उभी बांधायची, "किड्याले चालाले रस्ता पाह्यजे" असं बाबांनी शिकवलेलं बोटांना आपोआप आठवत होतं. इतक्यात शशिकांत जेवायला घरी आला.

"हे काय करून राहिली?"

"बोरीची दृष्ट काढते."

"बरं," म्हणून तो ताटावर बसला. शशिकांतचा स्वभावच असा होता. घरात हत्ती बांधला तरी सोंड ताटात येईपर्यंत त्याला पत्ता लागायचा नाही.

एवढं सगळं आठवलं जयंतीला, पण एक गोष्ट साफ विसरली. रस पिणारा किडा गोड पाणीही गाळतो. माहेरी ते पाणी मुंग्या प्यायच्या, मधमाश्या प्यायच्या, उरलेलं माती प्यायची. बाबांच्या बांध्यावर कुणी गाडी लावत नव्हतं. इथं बोरीची गर्द सावली सोसायटीच्या अध्यक्षांनी, म्हणजे शेखावतजींनी, स्वतःच्या गाडीसाठी राखून ठेवली होती.

चौकशी बसली. सोसायटीचा सेक्रेटरी शशिकांतच, तेव्हा चौकशीही त्याच्याच गळ्यात पडली. पहिला संशय तिसऱ्या मजल्यावरच्या माथुरांच्या एसीवर गेला.

"एसी का पानी मीठा होता है क्या?" माथुर तडकले.

"आपको कैसे पता मीठा है?" शेखावतजींनी बरोबर पकडलं. "चखा आपने?"

झालं. माथुरांनी चाखलंय म्हणजे माथुरांनीच फेकलंय, असा निकाल तिथल्या तिथं लागला. खात्री करायला त्यांचा एसी बंद ठेवण्यात आला. भाद्रपदातल्या उकाड्यात माथुरांची म्हातारी आई जिन्यात खुर्ची टाकून बसायला लागली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला शिव्या मोजून द्यायला लागली. गळती मात्र चालूच राहिली. शशिकांत रोज रात्री जेवताना दिवसभराचा तपास जयंतीला ऐकवायचा. टाकीचा पाइप पाहिला, कबुतरं पाहिली, गच्चीवर कुणी पाक तर वाळत घातला नाही ना, तेही पाहिलं. जयंती न विचारता त्याला आणखी एक पोळी वाढायची.

मग मुंग्या आल्या. बोरीच्या बुंध्यावरून चढून, भिंतीवरून रांग धरून त्या थेट माथुरांच्या साखरेच्या डब्यात पोहोचल्या, आणि माथुरांवरचा संशय आणखी पक्का झाला. मागून मधमाश्या आल्या. बोरीची खालची पानं काजळी धरल्यासारखी काळी पडली आणि फांद्यांवर पांढरी लव उगवली. दुसऱ्या कुणाला ते किळसवाणं वाटलं असतं. जयंती रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत बसायची आणि त्या लवेकडे बघत राहायची. लाख धरली होती! कधी कधी तिला वाटायचं, आता खाली पाहिलं तर बुंध्याशी बाबा बसलेले दिसतील, विडी कानावर ठेवून, फांद्या न्याहाळत. ती खाली पाहायची, आणि तिथं शेखावतजी गाडी पुसत असायचे.

एका शनिवारी शशिकांत आनंदानंच घरी आला. "तपास संपला! झाडाला रोग लागलाय. उद्या औषध मारायला माणसं येताहेत. त्यानं भागलं नाही तर बोरीचं मुंडकंच उडवायचं, असं शेखावतजी म्हणाले."

जयंतीनं गॅस बंद केला. खरं सांगावं असं मनात आलं. पण खरं सांगितलं तर औषध टळणार नव्हतं. उलट माथुरांची आई, शेखावतजींची गाडी आणि मुंग्यांनी खाल्लेली साखर हे सगळं शशिकांतच्या डोक्यावर आलं असतं. आणि लाख गेली असती. रविवारी पहाटे ती उठली, खाली गेली, बोरीच्या बुंध्याला लाल धागा गुंडाळला, हळदकुंकू वाहिलं, पणती लावली आणि गुपचूप वर येऊन चहा ठेवला. तिचा बेत साधा होता. औषधवाले जरा बिचकतील आणि एक दिवस तरी टळेल.

औषधवाले बिचकले नाहीत. त्यांनी चपला काढल्या, नमस्कार केला, पंप उचलले आणि "हम ये पाप नहीं करेंगे" म्हणून निघून गेले.

मागोमाग शेखावत भाभी खाली आल्या. अंगानं भरलेल्या, मनानं त्याहून भरलेल्या. त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि गॅलरीत उभ्या असलेल्या जयंतीला विचारलं, "बहनजी, ये धागा आपने बाँधा? कौनसी माता हैं?"

"ला..." जयंतीच्या तोंडून निघालं. "लाखाई. हमारे गाँव की."

नेमका त्याच वेळी भाभींच्या पसरलेल्या तळहातावर वरून एक थेंब पडला. त्यांनी तो तीर्थ घ्यावं तसा जिभेला लावला, आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "अजी सुनते हो," त्या ओरडल्या, "मीठा है!"

शेखावतजींनी ह्या गोडव्यापायी दीड महिना लोकांशी भांडण काढलं होतं. पण बायकोनं एकदा त्याला प्रसाद म्हटल्यावर त्यांचा इलाज चालेना. तासाभरात त्यांनी स्वतःच्या हातानं गाडी उन्हात नेऊन लावली.

त्यानंतर जे झालं ते जयंतीच्या हातात राहिलं नाही. शुक्रवारी भजन सुरू झालं. शेजारच्या सोसायटीतल्या बायका वाट्या घेऊन यायला लागल्या. माथुरांवरचा कलंक देवीनं स्वतः धुऊन काढला म्हणून त्यांनी बुंध्याशी संगमरवरी फरशी बसवून दिली, आणि त्यांची आई आता त्या फरशीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला आशीर्वाद द्यायला लागली. शशिकांतनं लगोलग देवीची समिती नेमली. आणि शेखावतजींनी झाडाभोवती लोखंडी कठडा उभा करून त्यावर पाटी लावली: 'पत्ता तोड़ना भी मना है.'

जयंतीनं ती पाटी दोनदा वाचली. औषधापासून लाख वाचली होती, आणि आता ती तिला स्वतःलाच तोडता येणार नव्हती. बांगड्यांच्या गल्लीत लाखेच्या बांगड्या घडवणाऱ्या मनिहारीण आपांनी बजावून ठेवलं होतं, "बहनजी, दिवाली के बाद तुरंत ला देना, कच्ची लाख है, धोना, छानना, सब करना पड़ेगा." लग्न देवउठणीनंतरचं, म्हणजे कार्तिकी एकादशीनंतरचं. दिवाळी तोंडावर आली. फांद्या बोटाएवढ्या जाड लाखेनं मढल्या होत्या, गॅलरीतून हात लांबवला तर लागतील इतक्या जवळ, आणि खाली अष्टौप्रहर कुणी ना कुणी हात जोडून उभं.

एके दिवशी ती अशीच कठड्याला कपाळ टेकून पुटपुटत होती, "बाबा, काही तरी करा ना." मागं सलोनी उभी होती.

"आई, तू झाडाशी बात करते?"

जयंतीनं वळून पाहिलं, आणि तिचा बांध फुटला. तिनं सगळं सांगितलं. बियाणं, काठी, दृष्ट, लाखाई. सलोनी आधी हसली. इतकी हसली की तिला फरशीवर बसावं लागलं. मग हळूहळू गप्प झाली.

"मतलब... हे सगळा तू माझ्या चूड़ासाठी केली? नानाजीचा लाख?"

"तुझ्या आजोबांनी तुला पाहिलं तेव्हा तू एवढीशी होतीस. त्यांचं काहीतरी तुझ्या हातात असावं असं वाटलं गं. माझ्याकडं त्यांचं दुसरं काय आहे?"

सलोनीनं आईचा काट्यांनी ओरबाडलेला हात हातात घेतला. "आई, तू भाभींना खरं सांग. जे होईल ते होईल. मी येते बरोबर."

दोघी शेखावत भाभींकडे गेल्या. जयंतीनं हात जोडून, मोडक्या हिंदीत, काहीही न लपवता कबूल केलं. देवी नाही, किडे आहेत. प्रसाद नाही, किड्यांनी टाकलेलं पाणी आहे. माझ्या वडिलांची लाख आहे. मी खोटं बोलले.

भाभी ऐकत होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. जयंतीला वाटलं, आता ह्या ओकतात तरी किंवा ओरडतात तरी.

"बहनजी," भाभी पदर डोळ्यांना लावत म्हणाल्या, "मतलब मैया आपके पीहर से, बेटी के ब्याह के लिए, ख़ुद चलकर आई हैं?"

"माहेरची मैया नाही हो, किडे... कीड़े हैं, भाभी."

"रूप तो मैया जो चाहें धर लें."

जयंतीनं आणखी दोनदा किडे म्हणून पाहिलं. जितकं खरं सांगावं तितकी देवी मोठी होत होती. शेवटी सलोनीनं तिला कोपरानं ढोसलं आणि ती गप्प बसली.

दिवाळी सरल्यावरच्या रविवारी शेखावतजी साफा बांधून लाखेच्या फांद्या उतरवायला शिडीवर चढले. खाली बायका गाणी म्हणत होत्या. काट्यांनी त्यांचा कुर्ता फाटला, साफा फांदीत अडकला, पण त्यांनी एक काडी खाली पडू दिली नाही. प्रत्येक फांदी वरून हातात दिली. सगळ्यात वरची एक फांदी तेवढी 'मैयासाठी' राखून ठेवण्यात आली. शशिकांतला बायकोचा पराक्रम त्याच दिवशी कळला. तो बोटांवर काहीतरी मोजायला लागला. मग म्हणाला, "म्हणजे चौकशीच्या वेळी रोज एक पोळी जास्त वाढत होतीस ती..." आणि पुन्हा मोजायला लागला.

लाख धुऊन, गाळून, आपांच्या निखाऱ्यांवर चढली. पण तेवढ्यात भाभींनी जाहीर केलं की मैयाचा प्रसाद एकटीनं खायचा नसतो. प्रत्येक घरच्या बाईला एक एक बांगडी मिळालीच पाहिजे. नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? कोपरापर्यंत भरगच्च व्हायचा चुडा वाटता वाटता हाताला दोन-दोन बांगड्यांवर आला. जयंतीनं त्या चार बांगड्या लेकीच्या रुमालात गुंडाळल्या. मन खट्टू झालंच. एवढं सगळं करून बाबांची लाख लोकांच्याच घरी गेली, जशी नेहमी जायची.

लग्नाला माहेराकडून एकटा शामराव आला. धानाची कापणी सुरू होती, बाकी कुणाला निघता आलं नाही. मायऱ्याचा आहेर घेऊन तो मांडवात अवघडून उभा राहिला. जयंती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. एवढ्या माणसांत आपलं म्हणावं असं हे एकच माणूस. मग अक्षता टाकायला बायकांनी हात वर केले, आणि तिला दिसलं. भाभींच्या मनगटावर, माथुरांच्या सुनेच्या, त्यांच्या म्हाताऱ्या आईच्या, शेजारच्या सोसायटीतल्या अनोळखी बायकांच्या, सगळ्यांच्या हातांत तीच लाल बांगडी. सगळा मांडव बाबांच्या लाखेनं भरला होता. बाबांनी आयुष्यभर पोत्यातून पाठवली, पण घातलेली कधी पाहिली नव्हती. जयंती पाहत होती.

"शाम, पाह्य ना रे," तिनं भावाचा दंड धरला, "बाबाची लाख."

शामराव पाहत होता. पण त्याचा चेहरा उतरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सलोनी सासरी गेलेली, घर रिकामं. शामराव बोरीखालच्या फरशीवर जाऊन बसला. जयंती त्याच्यासाठी चहा घेऊन खाली आली.

"ताई, मले माफ कर वं."

"काहून? काय झालं?"

"ते बियानं बाबाच्या झाडावरचं नोहोतं."

जयंतीनं चहाचा कप फरशीवर ठेवला.

"बाबा गेले त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात सारी लाख करपली. येक काडी नाही राह्यली. मरताना मले म्हनले होते, बियानं मोडू नको म्हून. तुले कोनत्या तोंडानं सांगू? म्हून दर साली म्हनत होतो, पुढच्या साली ये. तू आली असती त झाडं दिसली असती ना तुले. तुह्या पिशवीतलं बियानं म्या दुसऱ्या गावावरून इकत आनलं."

जयंती फरशीवर त्याच्या शेजारी बसली. दीड महिन्याची चौकशी, माथुरांचा एसी, खोटी देवी, सगळं कुणाच्या तरी परक्या झाडासाठी केलं होतं. तिला हसू येत होतं की रडू हे तिचं तिलाही कळेना. बाबांचं म्हणून लेकीच्या हातात जे घातलं, ते बाबांचं नव्हतंच.

"मग सांगतलं कायले?" ती शेवटी म्हणाली. "नसतं सांगतलं त चाललं असतं ना मले."

शामरावनं मान वर केली. मैयासाठी राखलेल्या वरच्या फांदीकडे बोट दाखवलं. "ते पाह्य. किती भरली हाय! आपल्या इकडं अशी लाख आता कोनाकडंच नाही. अन् दोन-चार दिवसांत किडे निंगतीन. ताई, ते फांदी मले दे. बाबाच्या पळसायले लावतो."

जयंती त्या फांदीकडे पाहत राहिली. गॅलरीतून तिनं बांधलेल्या जुड्या, तिनं धागा गुंडाळून वाचवलेली लाख. परकी कशी म्हणायची?

"घेऊन जाय," ती म्हणाली. "उभी बांधजो. आडवी नको."

शामराव नखानं फरशी खरवडायला लागला. "थेच त... मले बांधता कुठं येते? मी शाळेत होतो. बाबानं तुलेच शिकवलं होतं."

शेखावतजींनी पुन्हा साफा बांधला. जयंतीनं फांदीचे तुकडे ओल्या पोत्यात गुंडाळले, पोत्यावर हळदकुंकू लावलं आणि शशिकांतला सांगितलं, "डब्यात लाडू आहेत, फ्रिजमध्ये कालची भाजी आहे. मी गावाला चालले." शशिकांतनं पोळी कशी करायची, असं विचारलं. ती म्हणाली, "तपास कर."

संध्याकाळच्या गाडीत बहीणभाऊ खिडकीशी बसले. पोतं जयंतीच्या मांडीवर होतं. गाडी सुटल्यावर थोड्या वेळानं फोन वाजला. शशिकांतनं फोटो पाठवला होता. बोरीच्या कठड्यावर शेखावत भाभींनी नवी पाटी लावली होती: 'मैया पीहर गई हैं.' पाटीखाली, कोणी बघत नाहीसं पाहून, शेखावतजी आपली गाडी सावलीत घेत होते.

"काय वं, हसतेस कायले?" शामरावनं विचारलं.

तिनं त्याला वाचून दाखवलं, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. मांडीवरच्या पोत्याच्या विणीतून एक लाल ठिपका बाहेर आला, रस्ता शोधत तिच्या मनगटावर चढला आणि लाखेच्या बांगडीशी येऊन थबकला. जयंतीनं त्याला अलगद बोटावर घेऊन पुन्हा पोत्यात सोडलं.

"थांब जरा," ती त्याला हळूच म्हणाली. "आपलं गाव अजून यायचं आहे."